हिंगणदऱ्यातला विडीबंदीचा ठराव

सकाळी अकरा वाजता हिंगणदरा ग्रामपंचायतीच्या खोलीचं दार आतून लागलं. उपसरपंच कारभारी भापकर यानं स्वतः उठून कडी घातली. "वारं झोंबतंय," एवढंच म्हणाला, जागेवर येऊन बसला आणि त्यानं विडी शिलगावली.

खोलीत सात सभासद होते, त्यात बाई एकच. चांगुणा भापकर भिंतीला पाठ लावून बसली होती. कडीचा आवाज झाला तसा तिनं पदर नाकावर ओढला. तिला दमा होता. बैठक संपेपर्यंत या खोलीत टिकायचं आणि शेवटी हजेरीवर सही करायची, एवढंच तिला आज साधायचं होतं. सही झाली तर तिचं सभासदपद राहणार होतं. नाही झाली तर आजच जाणार होतं.

लागोपाठ सहा महिने जो सभासद बैठकीला हजर नाही त्याची जागा रिकामी धरावी, असा कायदा. चांगुणा दर महिन्याला यायची. पण खोली जुन्या चावडीची, दगडी भिंतींची. खिडकी एकच, आणि त्या खिडकीत पंचायतीचा रेडिओ कायमचा बसवलेला, त्यामुळे ती उघडायची नाही. सहा पुरुष विड्या ओढायला लागले की समोरचा माणूस धूसर दिसायचा. चांगुणाची छाती भरून यायची, श्वासाला शिट्टी लागायची आणि ती खोकत बाहेर पडायची. सह्या बैठक उठताना होत, तोवर ती घरी पोचलेली असे. पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. पुढच्या महिन्यात कारभारी ग्रामसेवकाला म्हणाला, "आली नि गेली, म्हंजी आलीच न्हाई. गैरहजर लिवा." तेव्हापासून त्यानं आणखी एक रीत पाडली. चांगुणा आत आली की तो आपल्या बंडलातून सगळ्यांना एकेक विडी वाटायचा.

आजचा महिना सहावा होता. बहात्तर सालचा जानेवारी.

कारभारीला हे सगळं करायला कारण होतं. दोन पावसाळे कोरडे गेले होते. गावाला पिण्याच्या पाण्याची एक सरकारी विहीर मंजूर झाली होती आणि ती कुठं पाडायची हे पंचायतीनं ठरवायचं होतं. कारभारीला ती आपल्या मळ्याच्या कडेला हवी होती. चांगुणा खालच्या आळीच्या ओढ्याजवळ म्हणत होती, कारण तिथं बायका आत्ताच झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. मतं जवळजवळ बरोबरीत. चांगुणाची जागा रिकामी झाली की तिथं कारभारीची बायको येणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

म्हणून चांगुणानं या बैठकीला ठराव दिला होता. पंचायतीच्या बंद खोलीत कुणीही विडी किंवा चिलीम ओढू नये. तिला तो फक्त स्वतःसाठी नको होता. नर्सबाई लेकरांना टोचायला याच खोलीत बसायची, रेशनच्या चिठ्ठ्या इथंच मिळायच्या. तान्ही पोरं घेऊन बायका आत शिरायच्या आणि डोळे पुसत बाहेर यायच्या.

बैठकीआधीचा आठवडा ती घरोघर फिरली. तिचा नवरा श्रीरामपूरकडं साखर कारखान्यावर हंगामाला गेलेला, त्यामुळे सोबतीला कुणी नव्हतं.

"आतून मी तुमच्याच बाजूनं हाय, वहिनी," सायकल दुकानवाला गोरक्ष म्हणाला. तोही सभासद होता. "त्या खोलीतनं घरी गेलो की बायकू मला कापडं सुद्दीक बाहेर काढाय लावती. पर हात वर करायचं तेवढं सांगू नका. कारभारीशी रोजचं येनंजानं हाय."

"आतून असल्याचा मला काय उपेग, गोरक्षभाऊ? आतलं कोन मोजतंय?"

गोरक्ष हसला, पण हो म्हणाला नाही.

दुसरा सभासद कानिफनाथ. त्याची बायको रंगुबाई तर भलतीच जोरात होती. "करा बाई, करा ठराव. आमच्या मालकाला मी घरात ओढू देत न्हाई, म्हनून त्यो चावडीत जाऊन बसतो. गावचा कारभार बघतो म्हनं. कारभार कसला? धूर सोडाय जातो." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पर माझं नाव कुटं घ्यू नका हां."

ग्रामसेवक शामकांत मुळे यांना गाव भाऊसाहेब म्हणे. ते तंबाखूची गोळी दाढेखाली सारत म्हणाले, "बाई, मला मत नाही. मी नोकर माणूस. ठराव झाला तर अक्षर मात्र चांगलं काढीन."

जिथं जाईल तिथं असंच. उघड विरोध करणारा माणूस तिला गावात एकच माहीत होता, आणि हात वर करतो म्हणणारा एकही भेटला नव्हता.

शेवटी ती आक्काबाईकडे गेली. आक्काबाई तिची चुलत सासू, कारभारीची सख्खी आई. म्हातारीनं जात्यापाशी बसून सगळं ऐकून घेतलं.

"चुलीच्या धुरानं माझी छाती गेली," ती म्हणाली. "पर त्यो भाकरीचा धूर हुता. ह्यांच्या धुरातनं काय निघतंय? बरं, तुझ्या मामांना म्या धाडू का चावडीत? नुसतं बसाय?"

तेच मागायला चांगुणा आली होती. आक्काबाईचा नवरा भिमाजी म्हणजे भापकरांच्या भावकीत सगळ्यांत थोरला. सगळा गाव त्याला आबा म्हणे. पंचायतीतले पुरुष कुणी त्याचा मुलगा, कुणी पुतण्या, कुणी नात्यानं धाकटा. आणि वडीलधाऱ्यासमोर विडी ओढायची नाही ही गावाची रीत. पन्नाशीचा गडी असो, नातवंडं खेळवत असो, आबा समोरून येताना दिसले की विडी मुठीत जायची. हा ओढतो हे आबांना माहीत असे, आबांना माहीत आहे हे त्यालाही माहीत असे. तरी दिसता कामा नये.

"भावजींना कळलं तर?" चांगुणानं विचारलं.

"कारभारीला म्या जल्माला घातला, त्यानं मला न्हाई. पर तुझ्या मामांना खरं सांगायचं न्हाई. सांगितलं तर येनार न्हाईत. मारुतीच्या देवळाची कौलं फुटल्यात, त्याचा विषय हाय म्हनते."

इतकं ठरलं होतं. आणि आता अकरा वाजून बराच वेळ गेला तरी आबांचा पत्ता नव्हता.

कारभारीनं बंडल फिरवलं. कानिफनाथानं घेतली, दाराजवळ बसलेल्या दोघा मळेकरी भावांनी घेतली. सरपंच बन्सी हा कुणालाच नाही न म्हणणारा माणूस. त्यानं घेतली पण ओढली नाही, कानावर अडकवून ठेवली. गोरक्षनंही घेतली आणि पेटवताना चांगुणाकडे बघायचं टाळलं. टेंभुर्णीच्या पानाचा उग्र वास खोलीभर झाला.

भाऊसाहेब मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायला लागले.

"सावकाश वाचा, भाऊसाहेब," कारभारी म्हणाला. "शबुद न शबुद कळला पायजे. घाई कुनाला हाय?"

मग तो म्हणाला की विडीचा विषय शेवटाला घ्या, आधी दिवाबत्तीचा घ्या, मग कोंडवाड्याचा. सरपंचानं मान हलवली.

चांगुणानं डॉक्टरची पांढरी गोळी सकाळीच घेतली होती. तिच्यानं हात थरथरत होते, श्वास मात्र अजून चालू होता. खोकला आला की ती तो गिळायची. गिळला की तो पोटातून परत वर यायचा. तिनं नजर जमिनीलगत ठेवली, तिथं धूर जरा विरळ असतो हे ती एवढ्या महिन्यांत शिकली होती. कोंडवाड्याच्या विषयावर कारभारी एकटाच बोलत होता. कुणाची गाय, कुणाचा गोऱ्हा, भिंत कधी पडली. तिला कळत होतं की तो कोंडवाड्याबद्दल बोलतच नाही, तो वेळ भरतो आहे.

छातीत पहिली शिट्टी वाजली. शेजारी बसलेल्या कानिफनाथालाही ती ऐकू गेली असावी. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि धूर दुसरीकडे सोडला.

"वहिनी," कारभारी म्हणाला, "बाहेर मोकळी हवा हाय. जरा फिरून या की. आमी हाय हितं."

"हितंच बरी हाय, भावजी. गेले तर तुमी मला आलीच न्हाई म्हनाल."

मळेकरी भाऊ हसले. कारभारीही हसला आणि त्यानं दुसरी विडी पहिलीवर पेटवली.

चांगुणाच्या डोळ्यांपुढं आता काळे ठिपके यायला लागले होते. अजून किती, हे विचारायला तोंड उघडावं तर खोकला बाहेर पडेल. ती उठण्यासाठी हात जमिनीला टेकवणार, तेवढ्यात दारावर काठी आपटली.

"कोन मेलंय का रं आत? दार कशापायी लावलंय?"

आबांचा आवाज. खोलीत एकदम हालचाल झाली आणि एकदम थांबली. गोरक्षनं विडी पाण्याच्या तांब्यात सोडली, ती चर्र करून विझली. मळेकऱ्यांनी सतरंजीची कड उचलून विड्या खाली दाबल्या. कानिफनाथानं मूठ मिटली. कारभारी दार उघडायला उठला तेव्हा त्याच्या उजव्या हातात नुकतीच पेटवलेली विडी होती. तीही मुठीत गेली. कडी त्यानं डाव्या हातानं काढली.

आबा आत आले. खांद्यावर घोंगडी, डोक्याला लाल मुंडासं. उंबऱ्यावरच थबकून त्यांनी आत पाहिलं.

"धुकं पडलंय व्हय आत?"

 गोरक्ष खाली मान घालून म्हणाला, "खिडकीतला रेडू तापला असंल, आबा."

"हां. ऱ्हाऊ द्या दार उघडं."

दारातून थंड वारं आलं. चांगुणानं पदर नाकासमोर धरूनच चार श्वास घेतले. पाचवा जरा खोल गेला. तोंडावर तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढला, कारण आबा तिचे चुलत सासरे होते.

सरपंचानं आबांना आपल्या शेजारी बसवलं. कारभारी त्यांच्या बरोबर समोर, हाताच्या अंतरावर. त्याला आता जागा बदलता येत नव्हती. विडी खाली टाकावी तर आबांच्या पायाशी पडणार, खिशात घालावी तर खिशात काडीपेटी. त्यानं मूठ मांडीवर ठेवली आणि तो ताठ बसून राहिला.

"कौलांचं कुटवर आलंय?" आबांनी विचारलं.

"कसली कौलं?" बन्सी म्हणाला.

"मारुतीची."

बन्सीनं भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी कागदाकडे पाहिलं. "शेवटाला येतंय, आबा," बन्सी म्हणाला. "हे एवढं उरकलं की."

आबांनी कमरेची चंची सोडली. तिच्यातून आधी सुपारी निघाली, मग अडकित्ता, मग चिलीम. पदराच्या फटीतून चांगुणाला ती दिसली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आबांसमोर कुणी ओढत नाही, पण आबांना कोण अडवणार? त्यांनी चिलीम पेटवली की खोली पुन्हा भरली, आणि ठराव तर बोलायचीच सोय नाही.

आबांनी चिलमीत तंबाखू दाबला, चिलमीला गुंडाळायचं फडकं, म्हणजे छापी, भिजवायला हात लांब करून तांब्या उचलला, आत पाहिलं आणि काही न बोलता परत ठेवला. "काडीपेटी हाय का रं कुनाकडं?"

कुणी हललं नाही. चांगुणाला माहीत होतं, या खोलीत बंडीगणिक एक काडीपेटी आहे. पण जो काढून देईल त्याला आबा विचारणार, तुला काडीपेटी कशाला लागते?

"न्हाई, आबा," पहिला मळेकरी म्हणाला.

"आमच्याकडं कुटली," दुसरा म्हणाला.

"भाऊसाहेब?"

"मी नुसती खातो, आबा," भाऊसाहेब म्हणाले. ते खरं होतं.

आबांनी मग मुलाकडे पाहिलं. कारभारीचा डावा हात खिशाकडे गेला, खिशावरच थांबला आणि परत आला. "न्हाई," तो म्हणाला.

"एवढी मानसं, आन आग न्हाई कुनाजवळ," आबा म्हणाले. त्यांनी चिलीम तशीच हातात धरून ठेवली.

सरपंचाला आता हे सगळं लवकर संपवायचं होतं. "घ्या, भाऊसाहेब. शेवटचा विषय घ्या."

भाऊसाहेबांनी घसा खाकरला. "विषय क्रमांक चार. पंचायतीच्या खोलीत धूम्रपान बंद करण्याबाबत. ठराव मांडणार, सौ. चांगुणाबाई भापकर."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती गप्प होती.

तिनं विड्यांचा विचार केला होता, हातांचा केला होता, आबांना कसं आणायचं याचा केला होता. आबा आल्यावर आपल्याला बोलावं लागेल, याचा केला नव्हता. लग्न होऊन या घरात आली त्या दिवसापासून ती आबांसमोर एक शब्द बोललेली नव्हती. सासऱ्यासमोर सून बोलत नाही. काही सांगायचं असलं की आक्काबाईच्या तोंडून सांगायचं. ज्या रीतीनं पुरुषांच्या विड्या मुठीत गेल्या, त्याच रीतीनं तिचं तोंड बंद केलं होतं. आणि हे आठवडाभरात तिच्या एकदाही लक्षात आलं नव्हतं.

कारभारीच्या मात्र लगेच लक्षात आलं. "मांडा की, वहिनी," तो हळूच म्हणाला. "गावभर तर लई बोलत हुता."

"मी वाचून दाखवतो त्यांच्या वतीनं," भाऊसाहेब म्हणाले.

"का म्हनून? मांडनाऱ्यानं मांडायचा आसतो. तोंडानं. कायदा तुमीच सांगता ना दर टायमाला? बोलत न्हाईत म्हंजी ठराव न्हाई. लिवा, मागं घेतला."

भाऊसाहेबांनी पेन उचललं. लगेच टेकवलं नाही.

"लिवा की."

"ही खोली सगळ्या गावाची हाय," चांगुणा म्हणाली.

आवाज तिचा तिलाच ओळखीचा वाटला नाही. दम्यानं बसलेला, जाडाभरडा. पदर खालीच होता. ती जमिनीकडे बघत बोलत राहिली, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू झाली नसती. "हितं लेकरं टोचायला आनत्यात. बाळंतिणी येत्यात. दार लावायचं आन धूर करायचा, आन जिला सोसत न्हाई तिनं घरी बसायचं, असं चाललंय. कुनाला विडी सोडा म्हनत न्हाई मी. पार हाय, वसरी हाय, रान पडलंय. तितं ओढा. बंद खोलीत विडी न्हाई, चिलीम न्हाई. कुनाचीच न्हाई."

शेवटचे दोन शब्द बोलून झाल्यावर तिला आबांच्या हातातली चिलीम आठवली.

आबा इकडे तिकडे बघत होते. "ह्यो आवाज कुनाचा?"

"तुमच्या चुलत सूनबाईंचा, आबा," गोरक्ष म्हणाला.

"हिचा?" आबा बराच वेळ पदराकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर राग होता की नुसतं नवल, हे कुणाला सांगता आलं नसतं. चिलीम त्यांनी चंचीत घातली आणि चंचीची दोरी आवळली.

"मत घ्या," कारभारी म्हणाला. "घ्या लवकर."

"ठरावाच्या बाजूनं कोन?" बन्सीनं विचारलं.

चांगुणानं हात वर केला. एकटाच हात. मग गोरक्षनं तांब्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि त्याचा हात वर गेला. कोपरात वाकलेला, पण वर. मळेकरी भाऊ एकमेकांकडे बघत बसले.

"विरोधात?"

कारभारीनं डावा हात वर केला. मळेकरी भावांनी आबांसमोर हात खालीच दाबून ठेवले.

"डावा?" आबा म्हणाले. "पंचायतीच्या कामाला डावा हात? उजव्याला काय झालं?"

"ठनका लागलाय, आबा."

"बघू."

"काय न्हाई. ऱ्हाईल हळूहळू."

"बघू म्हनलं ना." आबांनी आपला तळहात पुढं केला. मुलाच्या मुठीपासून तो वीतभर लांब होता. कारभारीनं मूठ उघडली नाही. खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं, आणि चांगुणाला पहिल्यांदाच तो सगळ्यांच्या वाटचा घेता येत होता. आबांनी हात बराच वेळ तसाच धरला. मग मागं घेतला आणि घोंगडीखाली ठेवला.

या सगळ्यात कानिफनाथाचा हातही उठला होता. उजवा, मूठ मिटलेली. पण आबांनी "बघू" म्हटलं तेव्हा तो वाटेतच थांबला, कानाशी गेला, आणि तिथं त्यानं मुठीच्या पाठीनं कान खाजवला.

"सरपंच, काय लिहू?" भाऊसाहेबांनी विचारलं. "बाजूनं दोन. विरोधात एक लिहू, की दोन?"

"दोन," कारभारी म्हणाला. "माझा एक, कानिफचा एक. दोनाला दोन. आता सरपंचाचं मत निर्नायक."

"कानिफनानांचा हात कानाला हुता," गोरक्ष म्हणाला.

"कानावरनं वर चालला हुता त्यो!"

"मंग त्यांनाच इचारा."

कानिफनाथ उठला. "आलो जरा बाहेर जाऊन," म्हणाला आणि मूठ तशीच घेऊन निघून गेला. तो परत आला नाही.

बन्सीला आत्ता कुठं कानावरची विडी आठवली, ती त्यानं आबांच्या नजरेआड टोपीत खोचली. कपाळावर थंडीतही घाम होता. "मी जेवून येतो," तो म्हणाला. "जेवून आलो की सांगतो." आणि कुणी काही म्हणायच्या आत तोही गेला.

"बैठक उठली का, भाऊसाहेब?" चांगुणानं विचारलं. आता तिला बोलताना अडखळायला झालं नाही.

"नाही. सरपंचांनी उठवली नाही. तहकूबही केली नाही."

"मंग सही?"

"सही उठताना, बाई." ते कारभारीकडे न बघता म्हणाले, "तुम्ही बसून राहा."

ती बसून राहिली. मळेकरी भाऊ जेवायला गेले, गोरक्ष दुकान उघडायला गेला. दुपार झाली, सरपंच आला नाही. आबा भिंतीला टेकून पेंगत होते. कारभारी समोरच बसलेला, मूठ अजून मांडीवर.

आबा जागे झाले ते एकदम. "सूनबाई," त्यांनी तिलाच विचारलं, मध्ये कुणी नव्हतं. "कौलांचा विषय हाय का न्हाई?"

"न्हाई, मामा."

"आन आक्काला ठावं हुतं?"

तिनं पदर आणखी खाली ओढला. आबा काठीवर जोर देऊन उभे राहिले. "गुरांला पानी दाखवायचंय," म्हणाले आणि कुणाकडेही न बघता बाहेर पडले. उतरत्या उन्हात त्यांचं लाल मुंडासं पारापर्यंत दिसलं, मग दिसेनासं झालं.

तेव्हा कारभारीनं मूठ उघडली. चुरगळलेली विडी तळहाताला चिकटली होती. ती निघाली तिथं चामडी पांढरी पडून वर आली होती. त्यानं एकदा फुंकर घातली.

"लई भारी केलंत, वहिनी. म्हाताऱ्याला फशिवलंत. पर त्यो काय रोज यायचा न्हाई."

"म्हाइती हाय, भावजी."

"सरपंच माझ्या बाजूनं देनार. म्हाइती हाय ना?"

"मंग त्यांना येऊ द्या."

कारभारी दाराशी गेला आणि त्यानं फळी ओढली. ती लागली नाही. उंबऱ्यात रंगुबाई बसली होती. तिच्या मागं खालच्या आळीच्या बायका, कुणी घागरीसकट, कुणी कडेवर पोर घेऊन. त्या केव्हा आल्या हे चांगुणाला कळलं नव्हतं.

"आत्ता गं," कारभारी म्हणाला, "कानिफची मालकीन. तू काय करतीस हितं?"

"नर्सबाई यायच्यात म्हनं," रंगुबाई म्हणाली.

"आज?"

"आज न्हाई तर उद्या. तवर बसतो."

त्या आत सरकल्या आणि भिंतीकडेनं दाटीवाटीनं बसल्या. चांगुणाला खोकल्याची उबळ आली. एकीनं घागरीतून ओंजळभर पाणी दिलं. झिऱ्याचं, गढूळ. ती ते प्याली.

बायकांसमोर विडी लपवायची रीत गावात नव्हती. कारभारीनं खिशातून बंडल काढलं, नवी विडी दोन बोटांत फिरवली, तोंडात धरली. डाव्या हातानं काडीपेटी काढून उजव्या हातात घेताना त्याचा चेहरा वाकडा झाला. पहिली काडी त्यानं ओढली, ती दारातल्या वाऱ्यानं विझली.

"दार लावा गं," तो म्हणाला.

कुणी उठलं नाही.

तेवढ्यात गोरक्ष सायकल ढकलत ओट्यापाशी आला, तो बातमी घेऊनच. तिसगावहून येणारी एस.टी. आत्ताच थांब्यावर येऊन गेली होती. सरपंच बन्सी जेवण झाल्यावर तिसगावला गेल्याचं त्याच्या बायकोनं सांगितलं होतं, पण गाडीतून तो उतरला नव्हता. पुढची गाडी आज आहे की नाही, हे कंडक्टरलाही नक्की सांगता आलं नाही.

भाऊसाहेबांनी हे ऐकून घेतलं आणि कागदावर काही लिहिलं नाही. संध्याकाळचे सहा वाजले होते. बैठक चालू होती, हजेरीवर अजून कुणाचीच सही नव्हती. कारभारीच्या बोटांत दुसरी काडी होती, ती त्यानं अजून ओढली नव्हती.